दप्तरातील जात आणि गावातील माणूस

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातील तहसील कचेऱ्यांच्या अभिलेखकक्षांना जे महत्त्व प्राप्त झाले आहे, ते निजामी अंमल संपुष्टात आल्यापासून त्यांना कधीही लाभले नव्हते. अंतरवाली सराटीतील मराठा आरक्षण आंदोलनाच्या घटनेनंतर २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या ‘कुणबी’ नोंदींचा शोध घेण्यासाठी वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल सोडले जाऊ लागले. शिकस्ता वळणाच्या उर्दूत किंवा मोडीत लिहिलेला जीर्ण कागद टेबलावर पसरला जातो. जाणकार वाचक नावांच्या ओळीवरून बोट फिरवीत जातीच्या उल्लेखापाशी थांबतो, तेथील एकच शब्द मोठ्याने वाचतो, तो टिपून घेतला जातो आणि पान उलटले जाते. त्याच दप्तरात जमीन कोणाच्या कबजात होती, ती कोण कसत होते, कोणत्या शिवारात काय पिकत होते, हेही नमूद असते; परंतु ते वाचण्याची कोणास आज्ञा नसते आणि सवडही नसते. एका शब्दासाठी संपूर्ण पान चाळावयाचे आणि त्या पानावर नांदलेला समाज मात्र न वाचताच रुमालात परत बांधून ठेवावयाचा, हा क्रम गावोगाव चालू आहे. आणि ज्या विद्येने तो समाज वाचावयाचा, त्या विद्येविषयी आज मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. विस्ताराने तो लहान, परंतु समाजरचनेच्या दृष्टीने अतिशय गुंतागुंतीचा आहे. मराठा, हटकर, बंजारा, आंध, बौद्ध, मुसलमान असे अनेक समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी, क्वचित एकमेकांच्या आश्रयाने आणि कित्येकदा एकमेकांशी झगडत राहत आले आहेत. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी ओबीसींचा एल्गार मेळावा हिंगोलीच्या रामलीला मैदानावर भरला. मराठा आरक्षणाची शांतता रॅली ६ जुलै २०२४ रोजी याच शहरातून निघाली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरला आधार मानताच, त्याच गॅझेटियरच्या बळावर बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी उचलून धरली आणि आदिवासी समाजाने तिला तितक्याच निग्रहाने विरोध केला. ज्या जिल्ह्यात बंजाऱ्यांचा तांडा आणि आदिवासी आंधांची वस्ती एकाच माळाच्या दोन अंगांना आहे, तेथे या वादाचे स्वरूप केवळ न्यायालयीन राहत नाही. ते बाजारात, शाळेत आणि पाणवठ्यावर पोहोचते. असे असूनही, समाजासमाजांतील सलोखा व संघर्ष यांच्या अभ्यासाला सारे आयुष्य वाहून घेण्याची वाट या जिल्ह्यातील बुद्धिमान विद्यार्थ्याला आज मोकळी नाही, आणि ही उणीव माझ्या मते या प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनातील एक गंभीर उणीव आहे.

या भूमीतील समाजांविषयीचे ज्ञान आजवर कोणी आणि कशासाठी निर्माण केले, हे पाहिले असता उणिवेचे खरे स्वरूप ध्यानात येते. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. निजामाच्या चाकरीत असताना या छावणीत राहिलेल्या फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंग नामक कापडाच्या व्यापाऱ्याची हकिकत नोंदवून ठेवली. ज्याच्याशी स्वतः टेलरचा व छावणीतील इतरांचा नित्याचा देण्याघेण्याचा व्यवहार होता, तो प्रतिष्ठित गृहस्थ ठगांचा म्होरक्या निघाला, हे त्या हकिकतीचे सार होय. ठगांच्या बंदोबस्तासाठी त्या काळी जबान्या घेतल्या गेल्या, टोळ्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, आणि गुन्हा हा जन्माबरोबर येतो अशी जी समजूत त्यातून बळावत गेली, तिला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने राजमान्यता मिळाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज ‘विमुक्त जाती’ या वर्गात मोडतो, यावरून त्या शिक्क्याचा टिकाऊपणा लक्षात यावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिस्थळी वाटणी झाली आणि तोच बंजारा समाज आज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती अशा तीन निरनिराळ्या नोंदींखाली येतो. राज्यकर्त्याने आपल्या सोयीसाठी केलेली वर्गवारी कालांतराने प्रजेच्या हक्काची भाषा बनते आणि मग त्या भाषेतच प्रजा आपापसांत भांडू लागते, हा येथील इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा शेजारच्या तेलंगणातील आदिलाबादचा आहे आणि तो अधिक उदात्त असला तरी तितकाच सावध करणारा आहे. १९४० मध्ये कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली तेथील गोंडांनी निजामी अंमलाविरुद्ध उठाव केला आणि त्यात भीम मारले गेले. पुढे या असंतोषाची कारणे समजून घेण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नात जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञाकडे आले. त्याच्याजवळ जर्मन पारपत्र असल्याने महायुद्धाच्या काळात तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि हैदराबाद राज्याच्या हद्दीतच राहण्याचे बंधन त्याच्यावर आले होते. त्या बंधनाचे त्याने तपश्चर्येत रूपांतर केले. तो गोंडी शिकला, गोंडांच्या वस्त्यांत राहिला, आणि रानावरचा हक्क राखीव जंगलांमुळे व जमिनीवरचा हक्क बाहेरून आलेल्या पट्टेदारांमुळे गेल्याने हा असंतोष पेटला, असे त्याने सरकारला स्पष्टपणे कळविले. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, मारलावाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले, आणि १९४८ मध्ये त्याचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे लंडनमध्ये प्राध्यापकपद भूषवूनही या प्रदेशाशी असलेला त्याचा ऋणानुबंध तुटला नाही. त्याची सहधर्मचारिणी बेटी हिची समाधी मारलावाईतच आहे.

एखाद्या विद्वानाने आपल्या अभ्यासविषयाशी इतके इमान राखावे, ही दुर्मीळ गोष्ट होय. तथापि, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्याने गोंडांच्या जमिनी महाराष्ट्रातून आलेल्या बंजारा व इतर लोकांकडे कशा जात आहेत, याचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना एक प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहत नाही. जमीन गमावणाऱ्या गोंडाचे दुःख त्याने घरात बसून ऐकले होते. परंतु कोरडवाहू तांड्यातून पोटामागे निघालेला बंजारा कोणत्या कर्जाने, कोणत्या दुष्काळाने हुसकला गेला होता, हे तितक्याच जवळून ऐकणारा दुसरा हायमेनडॉर्फ कोठे होता? २०१७ मध्ये आदिलाबादेत आदिवासी व लंबाडा (म्हणजे बंजारा) यांच्यातील तणाव उफाळून आला, तेव्हा या एकांगी उजेडाची किंमत दिसून आली. संघर्षाला दोन बाजू असतात आणि दोन्हींकडच्या चुलीपाशी बसलेला अभ्यासक नसेल तर सर्वांत प्रामाणिक ग्रंथदेखील अर्धाच राहतो.

तिसरे उदाहरण याच जिल्ह्याच्या मातीतले आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ मधील, नांदापूरचा. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. ते मराठीचे प्राध्यापक होते, पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली. समाजशास्त्राच्या अध्यासनावर ते कधी बसले नाहीत. परंतु हिंदू-मुसलमान प्रश्न, जातिसंस्था, मनुस्मृती आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम यांविषयी त्यांनी जे लिहिले व गावोगाव बोलले, त्याचे मोल शेकडो प्रबंधांहून अधिक आहे. ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ या संग्रहांतील लेखांत त्यांनी मुस्लिम जातीयवादाची जितकी निर्भीड चिकित्सा केली तितकीच हिंदू जातीयवादाचीही केली. हैदराबादचा लढा हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माविरुद्धचा नसून सरंजामी सत्तेविरुद्ध लोकशाहीचा होता, ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही. आणि निजामी सत्तेच्या कैवारी रझाकारांनी १९४८ च्या ऑगस्टमध्ये ज्यांची हत्या केली ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमान होते, हे स्मरले म्हणजे त्या भूमिकेचे सत्य पटते. राज्यकर्त्यासाठी नव्हे, एका पक्षाच्या कैवारासाठीही नव्हे, तर आपल्याच समाजाने स्वतःकडे डोळे उघडून पाहावे म्हणून केलेला हा अभ्यास होता. तो एका माणसाच्या प्रतिभेवर आणि वाचनावर उभा होता. त्याला संस्थेचा, शिष्यपरंपरेचा, सर्वेक्षणाचा आधार नव्हता. म्हणून तो त्यांच्याबरोबर थांबला.

आता असा प्रश्न विचारला जाईल, की जगभर या विषयावर एवढे संशोधन होत असताना हिंगोलीस स्वतंत्र अभ्यासकाची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर एका विख्यात ग्रंथाच्या मर्यादेतच सापडते. आशुतोष वार्ष्णेय यांचा ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ हा २००२ चा ग्रंथ या विद्याशाखेत मैलाचा दगड मानला जातो. १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंग्यांची वृत्तपत्रीय नोंद तपासून आणि अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा तीन जोड्यांची तुलना करून त्यांनी असे दाखवून दिले, की जेथे दोन्ही समाजांचे लोक एकाच व्यापारी संघात, कामगार संघटनेत वा पक्षात एकत्र वावरतात, तेथे अफवा विझतात आणि दंगल पसरत नाही. दंग्यांतील मृत्यूंपैकी ग्रामीण भागातील मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी, हाही त्यांचा एक निष्कर्ष आहे. सिद्धान्त मौलिक आहे. परंतु मराठवाड्याची दोन सर्वांत मोठी दुःखे या तक्त्यात बसतच नाहीत. पहिले दुःख १९४८ चे, म्हणजे तक्ता सुरू होण्यापूर्वीचे. दुसरे १९७८ चे, म्हणजे धर्माधर्मांतील नव्हे तर जातीजातींतील. आणि दोन्ही प्रामुख्याने खेड्यांत घडलेली.

१९४८ च्या सप्टेंबरातील हैदराबादवरील पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार येथील घराघरांत सांगितले जातात आणि ते सांगितले गेलेच पाहिजेत. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाने हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे स्मरण जागते ठेवले आहे, हे योग्यच झाले. परंतु कारवाईच्या वेळी व त्यानंतर मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस केलेल्या दौऱ्याचा अहवाल कित्येक दशके बंद राहिला. मृतांचा अंदाज त्या अहवालाने २७ ते ४० हजार असा दिला आहे आणि सर्वाधिक पीडित चार जिल्ह्यांत आपल्या शेजारच्या नांदेडचे नाव घातले आहे. त्याच अहवालात असेही नमूद आहे, की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी प्रसंगी प्राणही गमावले. वार्ष्णेयांनी अर्धशतकानंतर मोठ्या शहरांत जे शोधून काढले, त्याचा पुरावा आमच्या मागांवर आधीच विणलेला होता. तो उकलून पाहणारे मात्र येथे कोणी तयार झाले नाही.

१९७८ चेही तसेच. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. या काळात कोणत्या गावात आग लागली, हे अहवालांतून व पुस्तकांतून आपणांस बऱ्याच अंशी ठाऊक आहे. परंतु त्याच शिवेपलीकडच्या कोणत्या गावात ती लागली नाही आणि का लागली नाही, तेथे कोणत्या पाटलाने जमाव अडविला, कोणत्या शिक्षकाने रात्र जागविली, सालगड्यांची देणीघेणी तेथे वेगळी होती काय, हे आपणांस ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक होते, ती पिढी आता सरत चालली आहे. शांततेची कारणे न शोधता केवळ संघर्षाची यादी करीत राहणे म्हणजे या विद्येचे अर्धे कार्य सोडून देणे होय.

हे कार्य करणाऱ्या अभ्यासकाच्या अंगी काय असावे, याचा वस्तुपाठ मराठी विद्वत्तेत उपलब्ध आहे. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या, तेव्हा कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असला पाहिजे, अशी त्या गुरूची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, संबंध आढळला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. पुढे त्याच विदुषी वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत विठ्ठलाचे नाम घेणारी माणसे जेवताना जातीपरत्वे वेगळी बसतात, हे त्यांनी भक्तीला बाधा न आणता आणि सत्याला न झाकता नमूद केले. गुरूची धारणा असो वा स्वतःची श्रद्धा असो, जे दिसले ते लिहावयाचे, ही त्यांची निष्ठा होती. आज विविध समाजांच्या संघटना आपला दावा सिद्ध करून देणाऱ्या विद्वानाच्या शोधात असतात. त्या प्रलोभनाला नकार देण्याचे धैर्य ज्याच्याजवळ नसेल, त्याने वकिली करावी, संशोधन करू नये.

या अभ्यासाने जुन्या जखमा उकरल्या जातील, अशी भीती सद्‌हेतूने व्यक्त केली जाते. परंतु जखमा विसरल्या गेलेल्या नाहीत. त्या फक्त आपापल्या वस्तीत, आपापल्या आवृत्तीत सांगितल्या जात आहेत. औंढ्याचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, ही कथा इकडे मुलाबाळांना ठाऊक आहे. कीर्तन करणाऱ्या संताला समोरून हटविले गेले, ही त्या कथेच्या पोटातील व्यथा शतकानुशतके टिकून राहिली, आणि तरीही त्याच नामदेवांच्या नरसीस मराठी वारकऱ्यांबरोबर शीख भाविकही श्रद्धेने येतात. अपमानाची आठवण आणि आदराची परंपरा एकाच ठिकाणी नांदू शकते, हे ज्या प्रदेशाला ठाऊक आहे, त्याने सत्यकथनाला भ्यावे असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप असा, की अभ्यासकही कोणत्या तरी जातीचाच असणार. निश्चितच असणार, म्हणूनच एकट्यादुकट्या अभ्यासकाने भागणार नाही, तर तांड्यातला, आंधांच्या वस्तीतला, बौद्धवाड्यातला, मोहल्ल्यातला आणि मराठ्यांच्या गावातला असे पाच-दहा जण एकाच टेबलाभोवती बसून एकमेकांचे टिपण तपासतील, अशी व्यवस्था हवी.

ही व्यवस्था अशक्यप्राय नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र हिंगोलीपर्यंत आहे; हिंगोलीचे माजी खासदार उत्तमराव राठोड यांच्या नावाने या विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवट येथे आहे; कळमनुरीस एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या संस्थांना जोडून समाजसंबंधांच्या अभ्यासाचे एक कायमस्वरूपी केंद्र हिंगोली जिल्ह्यात उभारावे. तेथे उर्दूची शिकस्ता, मोडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली शिकविली जावी. एलिनॉर झेलियट व गेल ऑम्वेट या परदेशातून आलेल्या विदुषींनी महाराष्ट्रातील दलित व बहुजन चळवळींच्या अभ्यासासाठी मराठी आत्मसात केली. मग शेजारच्या तांड्याची भाषा शिकण्यास आपल्या संशोधकाने का कचरावे? संशोधकाने एका गावात किमान एक सुगी व एक टंचाई पाहावी, पोलीस ठाण्यांतील शांतता समित्यांच्या बैठकांपासून ते लग्नाच्या पंगतीपर्यंत सारे टिपावे, आणि ते प्रथम मराठीत प्रसिद्ध करावे, जेणेकरून ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता व खोडता यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या कामास कायम वेतनाची पदे हवीत. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या तरुणाकडून वीस वर्षांच्या चिकाटीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आणि विलंबास आता अवसर नाही. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येक घराची जात पुन्हा रकान्यात उतरेल. निजामी दप्तरातील एका शब्दावरून आज जर गावे दुभंगत असतील, तर उद्याच्या या प्रचंड दप्तरावरून काय होईल, याचा विचार सुज्ञांनी करावा. तंटा उभा राहिल्यावर समिती नेमणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आहे. गणना करणारा रकाना भरून पुढच्या घरी जाईल; त्या घरातील माणसे शेजाऱ्यांशी कशी वागत होती, कोणत्या कारणाने दुरावली आणि कोणत्या आधाराने पुन्हा एकत्र आली, हे लिहिणारा प्रशिक्षित, स्वतंत्र आणि येथलाच अभ्यासक त्याच वेळी कामाला लागलेला असला पाहिजे. त्याला तसे आयुष्य निवडता येईल अशी तरतूद करणे, हे शासनाचे, विद्यापीठाचे आणि आपल्या मुलामुलींनी काय शिकावे हे ठरविणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.